आईच्या नावाची जबानी

कसबा पेठ, पुणे
शके १७०६, क्रोधीनाम संवत्सर, चैत्र शुद्ध ५

तीर्थरूप विसामामांचे सेवेशी, बालक अनंत याचे चरणी मस्तक ठेवून सा. न. वि. वि.

येथे आई व मी कुशल. आपल्या मांडीच्या हाडाचे कसे आहे ते लिहावे. आईचा निरोप असा की, पन्नाशी उलटलेल्या माणसाला कैऱ्या हव्या असल्या तर त्याने बाजारात जावे, झाडावर जाऊ नये. मी फक्त लिहिणारा.

आता आनंदाची गोष्ट. आपल्या भाच्याने पराक्रम केला आहे. मी कारकून आहे त्या सरदारांच्या हत्तीखान्यात दोन वर्षांपूर्वी पूर्वेकडून एक हत्तीण आली, तिच्याबरोबर तिचा माहूत आला. त्याला इकडे सगळे बजरंग म्हणत. तो फाल्गुनात तापाने गेला. मागे बायको आणि सात वर्षांची मुलगी. बायकोला शकू म्हणतात, कारण खरे नाव विचारण्याचे कष्ट कोणी घेतले नाहीत. चाकर मेला की मागच्या माणसांची जबानी घ्यायची, कोण, कोणाची, कुठली, असा आमच्याकडे शिरस्ता आहे. पण हिची बोली कोणाला कळेना, आणि सात वर्षांच्या पोरीने सांगितलेले जबानीत चालत नाही. बंगाल्यात राहून आलेला एक गोसावी बोलावला, तो तासभर बंगालीत बोलला आणि ती तासभर मान हलवत राहिली.

तेव्हा मला आपण पूर्वेकडे असताना केलेले शब्दांचे टिपण आठवले. लहानपणी मला जुन्नरास ठेवले होते तेव्हा पाढ्यांचा कंटाळा आला की आपण तिकडच्या कोच लोकांच्या बोलीतले शब्द शिकवीत असा. भाताला मै म्हणतात हे मला पावकीच्या आधी पाठ होते. मी घरून टिपण आणले आणि भीत भीत दहा-वीस शब्द वाचले. मामा, त्या बाईने माझे दोन्ही हात धरले आणि ती रडू लागली. तिची बोली टिपणातल्यापेक्षा थोडी निराळी आहे, पण चार दिवस बसून मी सगळी जबानी घेतली.

तिचे नाव रिमती. आई, आजी, पणजी, खापरपणजी अशी चार नावे तिने न अडखळता सांगितली. बापाचे नाव विचारले तेव्हा ती हसली. म्हणाली, तो दुसऱ्या कुळीचा, आमच्या घरी आला, राहिला. घर कोणाचे, तर आईचे. कूळ आईचे. नवराही हिच्याच घरी येऊन राहिलेला. त्याची हत्तीण विकली गेली म्हणून ही त्याच्या मागे निघाली. मुलगी कोणाची, तर माझ्या घरची. सगळे जसेच्या तसे उतरवले, पदरचे एक अक्षर घातले नाही. हत्तीखान्याच्या जयसिंग दरोग्यांनी कागद दोनदा वाचला, माझ्या पाठीवर थाप मारली, फार उपयोगी जबानी घेतलीस म्हणाले आणि खाली शेरा मारून शिक्का केला.

शाबासकीची वाट पाहतो. मामींस व चि. श्यामलेस नमस्कार-आशीर्वाद. या भाच्यावर आहे तेवढी माया राहू द्यावी, हे मागणे.

अनंत

*

जुन्नर, चैत्र शुद्ध ९

चिरंजीव अनंतास विसाजी कृष्णाचे आशीर्वाद. आशीर्वाद रीतीप्रमाणे लिहिले. हात मात्र छडी शोधतो आहे.

संवत्सराचे नावच क्रोधी आहे, तेव्हा मी शांत राहून पंचांग खोटे पाडणार नाही. गाढवा, तू काय करून बसलास हे तुला कळले का? पदरचे अक्षर घातले नाहीस म्हणून नाक वर करून लिहितोस. घालायचे होतेस! पुण्याच्या कोणत्याही दप्तरात जी बाई बापाचे नाव सांगत नाही, आईच्या घरात वाढले म्हणते, नवराही तिथेच येऊन राहिला म्हणते, तिला काय समजतात? बटकीची पोर. आणि बटकीची पोर म्हणजे जन्मतःच बटीक, धन्याच्या मालकीची. जयसिंगाने तुझ्या पाठीवर थाप उगाच मारली नाही. तू त्याला दोन माणसे फुकट लिहून दिलीस.

आता मी सांगतो ते वाच. कोच एक नव्हेत. हरिगया निराळे, वानांग निराळे, तिनतेकिया निराळे. एका टेकडीवरचे लोक दुसऱ्या टेकडीवरची बोली ऐकून हसतात, आपण नगरकराला हसतो तसे. नदीकाठचे कित्येक कोच तर बोली टाकून बंगाल्यांसारखे बोलू लागले. पण डोंगराच्या पायथ्याशी जे आपल्या बोलीत राहिले त्यांच्यात कूळ आईकडून चालते. त्याला ते निकिनी म्हणतात. घर आईचे, आईनंतर मुलीचे. नवरा बायकोच्या घरी नांदायला जातो. सासूने हाक मारल्याशिवाय तो जेवायला बसत नाही, आणि पहिली वाढ तीच वाढते. त्या घरात पोराचा बाप कोण हे सर्वांना ठाऊक असते, पण त्याच्या नावाने कोणी ओळख सांगत नाही. चार आयांची नावे अडखळल्याशिवाय सांगणारी बाई ही तिकडची मोठी कुळवंत बाई. तिने तुझ्यापुढे आपले गोत्र-प्रवर म्हटले आणि तू ते दासीच्या यादीत घातलेस.

शब्द नेलेस आणि देश विसरलास. आजच्या आज शेरा वाच आणि मला कळव. तोवर शाबासकीचे नाव काढू नये. अक्कास नमस्कार. माया आहे, ती सध्या फडताळात ठेवली आहे.

विसाजी कृष्ण

*

कसबा पेठ, चैत्र शुद्ध १३

तीर्थरूप मामांस अनंताचे सा. न. वि. वि.

शेरा वाचला. लिहिले आहे की, सदर बाई बटकीची संतती, सबब दौलतीची बटीक, पोर तिजबरोबर. एवढ्यावर थांबले असते तर मी थोडक्यात निभावले म्हटले असते. सरदारांच्या कन्येचा विवाह वैशाख शुद्ध पंचमीस आहे. मुलगी माळव्यात दिली आहे. तिच्याबरोबर आंदण म्हणून दोन बटकी जायच्या, त्यांतली एक म्हणजे रिमतीची मुलगी. लहान आहे, लवकर रुळेल, म्हणून दरोग्यांनी तीच निवडली.

मी त्यांच्याकडे गेलो. म्हणालो, माझी चूक झाली, कागद फिरवून द्या. ते म्हणाले की अक्षर तुझे, जबानी तिची, शिक्का माझा, यांत चूक कोणाची ते तूच सांग. आणि हसले. तिथून दिवाणजींकडे गेलो. दिवाणजी माणूस सरळ आहेत, पण कागदावेगळे त्यांना काही दिसत नाही. ते म्हणाले की त्या देशात खुद्द राहिलेला कोणी भरवशाचा गृहस्थ बेलभंडार उचलून शपथेवर तिथली रीत सांगेल तर पंच बसवून कागद फिरवू. मात्र ऐकीव चालणार नाही. कुठे राहिला, कोणाच्या घरी पाहिले, सगळे लिहून पाहिजे.

मामा, आपण तिकडे तीन वर्षे काढलीत. एवढी जबानी द्यावी. जुन्नरच्या कचेरीत दिली तरी चालेल असे दिवाणजी म्हणतात.

आणि रागावणार असाल तर रागवा, पण मलाही राग आला आहे. आपण मला भात शिकवला, पाणी शिकवले, हत्तीच्या कानाला काय म्हणतात ते शिकवले. ज्या एका गोष्टीवर बाईचा जन्म उभा आहे ती पंचवीस वर्षे पोटात ठेवलीत. मी गाढव खरा, पण ओझे लादून वाट न सांगणाऱ्याला काय म्हणावे ते आपणच ठरवावे. लोभ फडताळातून काढावा, फार दिवस राहिल्यास वाळवी लागेल.

अनंत

*

जुन्नर, चैत्र वद्य १

चिरंजीव अनंतास आशीर्वाद.

पत्र पावले. माझे हाड अजून जुळलेले नाही, डोलीत बसून कचेरीस जाणे वैद्य मना करतो. शिवाय मी सांगितले ते बहुतेक ऐकीव. मी तिकडे गोसाव्यांच्या मठात उतरलो होतो हे सर्वांस ठाऊक आहे. हत्तीचा व्यापारी, त्याचा कारकून मी, माझा त्या लोकांच्या घरात शिरण्याचा प्रश्न येत नाही. तुमच्या दिवाणजींस ऐकीव चालत नसेल तर माझा इलाज नाही.

चि. श्यामलेचा विवाह वैशाख वद्यात ठरला आहे. व्याही कर्मठ आहेत. अशा वेळी कचेरी, शपथ, लोकांच्या तोंडी नाव, हे मला नको. दुसरा कोणी पाहावा. उत्तराची घाई नाही.

विसाजी कृष्ण

*

कसबा पेठ, चैत्र वद्य ४

विसूस ठकूचे आशीर्वाद.

पत्र मी सांगते आहे आणि अनंता लिहितो आहे. त्याला बजावले आहे की माझा एक शब्द गाळलास तर ताट वाढणार नाही. तेव्हा हे सगळे माझे आहे, त्याच्यावर फणफणू नकोस.

काल गणपतीला जाते म्हणून निघाले आणि हत्तीखान्यात गेले. तांबटांच्या ठोक्यांनी कान किटले होते, तिथे गेल्यावर एकदम शांत वाटले. रिमती हत्तिणीच्या पायाशी बसून मुलीचे केस विंचरत होती. ती आपल्या बोलीत काही विचारी आणि मुलगी मराठीत उत्तर देई, तेही हत्तीखान्यातल्या मराठीत, माहुतांच्या शिव्या घालून. आईला शिव्या कळत नव्हत्या, लेक बोलते याचेच तिला कौतुक. त्या मुलीच्या अंगावर नवा परकर होता. दरोग्याने शिवून घेतलेला. आंदण नीटनेटके दिसले पाहिजे ना! बाईला वाटते बापाविना पोर म्हणून माया केली. दरोगा समोरून गेला तर तिने उठून त्याला हात जोडले, विसू. मी पाहिले.

तिला कोणी सांगितलेले नाही. अनंताला म्हटले तू सांग. तो म्हणाला, मामाच्या टिपणात बटीक असा शब्दच नाही. मुलगी गेली की ती बाई आपल्या बोलीत बोलणार कोणाशी? हत्तिणीशी?

आता तुझे. चैत्र शुद्ध नवमीचे तुझे पत्र मी अनंताकडून दोनदा वाचून घेतले. सासूने हाक मारल्याशिवाय जावई जेवायला बसत नाही, पहिली वाढ ती वाढते, हे गोसाव्याच्या मठात कोण शिकवते रे? मी तुझी थोरली बहीण आहे. तू परत आलास त्या वर्षी मी बाळंतपणाला माहेरी होते. तू स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहायचास. पाने मांडलेली, सगळे बसलेले, आणि तू आपला उंबऱ्याबाहेर. आई तुला नावाने हाक मारी तेव्हा बसायचास. सहा महिने असे चालले. आईला वाटे तिकडे कोणी करणी केली. माझ्या डोक्यात तेव्हाच प्रकाश पडला होता. पंचवीस वर्षे मी तोंड उघडले नाही, कारण उघडून कोणाचे भले होत नव्हते. आता होते आहे.

श्यामला माझीही आहे. तिची सोयरीक मोडली तर मी रडेन, तुला दोष देईन आणि तिच्यासाठी दुसरे स्थळ शोधायला दारोदार हिंडेन. पण मोडलेली सोयरीक पुन्हा जुळते. आंदण गेलेली मुलगी परत आलेली मी अजून पाहिली नाही. पंचमीला फार दिवस उरले नाहीत. हाडाची सबब सांगू नकोस, जबानी तोंडाने द्यायची असते.

माझी माया तुझ्यावर आहेच, म्हणून तर एवढी बोलते. परक्याला मी दोन ओळीत उरकते.

ठकू
(लिहिणार अनंत. एक शब्द गाळला नाही.)

*

जुन्नर, चैत्र वद्य १२

अक्कास विसूचे सा. न.

तू जिंकलीस. जन्मभर जिंकत आलीस. तुझ्यासारखी बहीण असली की माणसाला यमाच्या चित्रगुप्ताची गरज पडत नाही.

काल डोलीत पडून कचेरीत गेलो. बेलभंडार उचलला आणि मामलेदारासमोर, चार कारकून आणि दहा रिकामटेकडे ऐकत असता जबानी दिली. नक्कल सोबत आहे, अनंताने दिवाणजींकडे द्यावी. तीत काय आहे ते तुला लोकांकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळू दे.

व्यापाऱ्याबरोबर गेलो त्या पहिल्याच पावसाळ्यात मला हिवताप धरला. मी मरणार असे ठरवून व्यापारी हत्ती घेऊन पुढे गेला. मठ नव्हता, गोसावी नव्हता. एका कोच बाईने मला आपल्या घरात उचलून नेले. तिच्या मुलीने मला पेज पाजली. बरा झालो आणि त्या घरचा जावई झालो. तीन वर्षे सासूच्या हाकेला ओ दिली, तिच्या शेतात भात लावला, तिच्या चुलीवरचे खाल्ले. टिपणातले माझे सहाशे शब्द कोणा पंडिताने दिलेले नव्हेत. तिथे मला एक मुलगी झाली. ती दीड वर्षाची असताना पुण्याकडे येणारा एक तांडा भेटला आणि मी निघालो. तांड्याचे हत्ती नदीपर्यंत पोचवून येतो असे बायकोला म्हणालो. पोचवून परतलो नाही.

तू विचारशील, लाज वाटली नाही का? ऐक. त्या घरात मुलीला बापाच्या नावाची गरज नव्हती. कूळ आईचे, घर आईचे, शेत आईचे. मी गेल्याने तिचे काही अडणार नव्हते. मी पंचवीस वर्षे स्वतःला हेच सांगत आलो. त्यांची रीत मी माझ्या सोयीची करून घेतली. जयसिंगाने वेगळे काय केले? म्हणून तर अनंतावर एवढा भडकलो. त्याला शिव्या देताना कोणाला देत होतो ते तुला कळलेच असेल.

जबानीच्या शेवटी मी एक कलम घातले आहे. रिमतीला बाप दाखवल्याशिवाय तुमचे दप्तर गप्प बसणार नाही. तेव्हा ती माझी मानलेली मुलगी, बाप म्हणून माझे नाव लिहावे, मी तिचा जामीन, असे दिले आहे. एकीला नाव दिले नाही, निदान दुसरीला देतो.

व्याह्यांचा माणूस आज सकाळी येऊन गेला. नारळ परत केला. श्यामला परसात बसून आहे. तुझ्या वहिनीने माझ्यापुढे ताट ठेवले आणि ती बाहेर निघून गेली, अजून एक शब्द बोललेली नाही. न्हाव्याने येत नाही म्हणून कळवले. हे सगळे चालायचेच. लोभ असू दे, आता इतर कोणाचा राहील असे दिसत नाही.

विसू

*

कसबा पेठ, वैशाख शुद्ध ४

विसूस ठकूचे आशीर्वाद. लिहिणार तोच.

आधी मुख्य ते. मुलगी सुटली. उद्या माळव्याला आंदण जाईल ते भांड्याकुंड्यांचे आणि त्या दुसऱ्या बटकीचे, हिचे नव्हे. परकर मी दरोग्याच्या तोंडावर परत करवला आणि माझ्या जुन्या लुगड्याचा दुसरा शिवला.

आता झाले कसे ते. काल पंच बसले. अनंत उभा होता, रिमती होती आणि मी बोलावल्यावाचून गेले. विधवा बाई पंचांपुढे कशाला, असे एकाने पुटपुटून पाहिले. मी म्हटले, लेकाचे अक्षर चुकले आहे, ते दुरुस्त होते की नाही बघायला आले. तुझी जबानी वाचली तेव्हा सगळ्यांच्या माना खाली गेल्या. दिवाणजी म्हणाले, एवढे स्वतःच्या अंगावर घेऊन कोणी खोटे बोलत नाही. देशरीत मान्य केली. जयसिंग पानाची पिचकारी टाकायला बाहेर गेला तो परत आला नाही.

मग तुझे शेवटचे कलम आले. दिवाणजी खूश, बाप मिळाला. अनंताने रिमतीला तिच्या बोलीत सगळे समजावले, इतके दिवस लपवलेलेही. मुलगी कुठे जाणार होती हे कळले तेव्हा तिने मुलीला जवळ ओढले आणि अनंताकडे जे पाहिले, ते तो जन्मात विसरणार नाही. विसरूही नये. मग त्याने तुझ्याबद्दल सांगितले, की या गृहस्थाने तुझ्यासाठी जात पणाला लावली, तो तुझा बाप व्हायला तयार आहे. तिने एकच गोष्ट विचारली. तो निघाला तेव्हा घरच्या आईला सांगून निघाला का? अनंता खोटे बोलायला अजून शिकलेला नाही. त्याने नाही म्हटले.

विसू, ती संतापली. आवाज चढवला नाही, पण शब्द न कळणाऱ्या पंचांनाही ते कळले. ती म्हणाली की ज्याने तीन वर्षे घरचे अन्न खाल्ले आणि सासूला न सांगता पाय काढला, त्याचे नाव मी अंगावर घेणार नाही. साक्ष दिली ती त्याने द्यायलाच हवी होती. त्याबद्दल त्याचे पाय धरणार नाही.

पंच म्हणू लागले, मग कागदावर लिहायचे काय? बाप नाही, नवरा नाही, मुलगा नाही, अशा बाईला सोडून द्यायची कोणाच्या हवाली? कागद पुन्हा होता तिथे येणार असे दिसू लागले. तेव्हा माझे डोके फिरले. मी म्हटले, माझी मुलगी लिहा, ठकूबाईची. दिवाणजी म्हणाले, आई म्हणून बाईचे नाव दप्तरात चालत नाही. मी विचारले, बटीक ठरवताना तिच्या चार आयांची नावे तुमच्या दप्तराला चालली, मग सोडवताना एका आईचे का चालत नाही? मी म्हटले, उत्तर सुचेपर्यंत मी इथेच बसते, अक्षय्य तृतीयेचा स्वयंपाकही टाकून आले आहे.

अनंताने लिहिले. रिमती, ठकूबाईची मुलगी, राहणार कसबा पेठ. शिक्का झाला. त्या दोघी आता आपल्याकडे आहेत. मुलीच्या शिव्या काढून टाकण्याचे काम मी घेतले आहे. तिने आईशी आईच्या बोलीतच बोलायचे, मराठीत उत्तर दिले तर गूळ नाही, असा नियम केला आहे. अनंतालाही तोच नियम.

तुझे नाव नाकारले म्हणून तू चिडशील. चीड. माझ्याकडून तुला शाबासकी आहे, तिच्याकडून मागू नकोस. श्यामलेला महिनाभर माझ्याकडे पाठव. वहिनीला माझा नमस्कार सांग, आणि तिची माफी माग, माझी नको. माया कमी होत नाही, जास्तच झाली तर कळवीन.

ठकू

*

जुन्नर, वैशाख शुद्ध ११

अक्कास विसूचे सा. न.

पत्र पावले. तू लिहिलेस तसाच चिडलो. दोन दिवस घरात ज्याने त्याने माझे ऐकून घेतले. सोयरीक गेली, न्हावी गेला, देवळात मला पायरीखाली उभे करतात, आणि जिच्यासाठी हे केले ती म्हणते याचे नाव नको. प्रायश्चित्त ठरवायला शास्त्री बसले आहेत, त्यांच्यातल्या एकाचे वेदपठण मागे माझ्याशी लावलेल्या पैजेत कच्चे निघाले होते, तो फार जोरात बोलतो आहे. सगळ्यांना एकेक करून चुलीत घालावेसे वाटते. या वयात एवढा राग अंगात होता हे मला ठाऊक नव्हते.

मग तिने विचारलेले पुन्हा वाचले. पंचवीस वर्षांत ते मला कोणी विचारले नव्हते, मीही नाही. सासूबाईंना मी सांगितले नव्हते. बायको मागे येणार नाही हे ठाऊक होते, पण सासूबाईंनी डोळ्यांत पाहिले असते तर माझे पाय निघाले नसते, म्हणून त्या शेतावर असताना निघालो. त्यांनी त्या दिवशी जेवायला हाक मारली असेल. किती वेळा मारली असेल? रिमती बरोबर बोलली. तिला सांग, नको, सांगू नकोस काही.

श्यामलेला पाठवतो. तिला तुझा गूळ आवडेल.

आज तुझी वहिनी बोलली. पंधरा दिवसांनी पहिल्यांदा. ताट ठेवले, पण बाहेर गेली नाही, समोर बसली. मला वाटले आता ती माझा उद्धार करणार, मी तयारीतच होतो. तिने विचारले, तिकडच्या मुलीचे नाव काय? रागाने नव्हे, साधे विचारले, जसे कोणाच्या घरी पाळणा हलला तर विचारतात.

मी तोंड उघडले. अक्का, ते नाव मी पंचवीस वर्षे कोणापुढे उच्चारले नाही, झोपेत निघेल म्हणून भिऊन वेगळा निजत असे. तिच्या उजव्या पायाचे बोट आठवते. तिला पहिला दात कधी आला ते आठवते. नाव आठवेना. सकाळपासून बसलो आहे. तुझी वहिनी दोनदा येऊन विचारून गेली, आणि मी तिच्यावर ओरडलो.

लोभ ठेवायचा की नाही ते तू ठरव.

विसू